सिल्बेरीच्या मागे कोण

त्या वर्षी गिल बोशारने एकाच प्रश्नाने सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. कुणाचंही नाव काढा, कॅचर म्हणा, शॉर्टस्टॉप म्हणा, पहिल्या नंबरचा पिचर म्हणा, तो टेबलावर बोट आपटून विचारायचा, "हा उद्या पडला तर मागे कोण?"

त्याचंही चूक नव्हतं. आदल्या मोसमात पोर्टलंडचा बेसबॉल संघ जूनपर्यंत सगळ्यांच्या पुढे होता. मग लागोपाठ दोघे जायबंदी झाले, त्यांच्या जागी खालच्या संघातून आणलेली पोरं उघडी पडली, आणि सप्टेंबरात घरच्या मैदानावर लोक बोशारच्या नावाने शिट्ट्या मारायला लागले. त्याची मॅनेजरची खुर्ची कशीबशी वाचली होती. म्हणून यंदा ॲरिझोनात सरावाचा तळ पडल्यापासून त्याने एल्डन प्रुइटला दुसरं काही करूच दिलं नाही. प्रत्येक जागेवर पहिला सोडून दुसरा कोण, तिसरा कोण, आणि वेळ आली तर तो खरंच उभा राहील की कोलमडेल, एवढंच बघायचं.

प्रुइट हा बोशारचा उजवा हात. साठी ओलांडलेला, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. स्वतः एके काळी दुसऱ्या बेसवर खेळलेला, त्यामुळे त्या जागेवर त्याचा जरा जास्तच जीव.

"दुसरा बेस," बोशारने सकाळच्या कॉफीवर विचारलं.

"सिल्बेरी."

"ते माझी आईपण सांगेल. मागे?"

"ड्यूगन."

"त्या ड्यूगनने काल पाण्याच्या पिंपाला बुक्की मारली."

"पिंप फुटलं. हात शाबूत आहे."

बोशार हसला. "आणि त्याच्या मागे?"

"टॉबी लिंडक्विस्ट."

"टॉबीला वाकून चेंडू उचलायचा तर गुडघ्यांकडे आधी अर्ज करावा लागतो."

"म्हणून तर तो तिसरा आहे," प्रुइट म्हणाला.

रुएन्डी सिल्बेरी मूळचा क्युरासाव बेटावरचा. दहा वर्षं पोर्टलंडच्या दुसऱ्या बेसवर दुसरं कुणी उभं राहिलेलं लोकांना आठवत नव्हतं. तो सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा, गात यायचा, आणि रविवारी बायकोने तळलेल्या माशांचे डबे आणून कपडे बदलायच्या खोलीत मांडायचा. आनेउरी पेगेरो, संघाचा सगळ्यात जोराने चेंडू फेकणारा पिचर, डोमिनिकन, सहा फूट चार इंच, त्याच्या मुलीचा सिल्बेरी धर्मपिता होता. आणि आपल्या जागेवर डोळा ठेवून असलेल्या कोल्टर ड्यूगनलाही तोच रोज दुपारी पाय कसा वळवायचा, चेंडू हातातून हातात कसा घ्यायचा, ते शिकवत होता. "शिक बाबा," तो म्हणायचा, "कधीतरी मला घरी जायचंच आहे."

ड्यूगन तेवीस वर्षांचा. नेब्रास्कातल्या गुरांच्या गोठ्यांमधून आलेला, मानेने बैलासारखा. बॅट चुकली की मांडीवर आपटून मोडायचा. हातातून चेंडू सुटला की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायचा, तेही लटकं नाही, गालावर वळ उठेल असं. प्रुइटला तो आवडायचा. असला राग फुकट जात नाही, योग्य जागी लावला तर सामने जिंकून देतो, असं त्याचं मत होतं आणि ते त्याने बोशारला दोनतीनदा ऐकवलंही होतं.

एके दुपारी सराव संपल्यावर ड्यूगन डगआउटमध्ये, मैदानाकडेच्या बाकांवर, प्रुइटशेजारी येऊन बसला. सूर्यफुलाच्या बिया चघळून टरफलं थुंकू लागला.

"कोच, खरं सांगाल? मी संघात आहे का?"

प्रुइटला टाळता आलं असतं. बाकीचे टाळतात. "खेळ म्हणशील तर अर्ध्याअधिक संघांत तू आज पहिला लागशील. इथे नाही. तू खालच्या संघात रोज खेळणार. इथे बसून गंजण्यापेक्षा ते बरं."

"हे चौथं वर्ष होईल. तीच बस, तीच भिकार मोटेलं."

"होईल खरं."

"आणि टॉबी इथे राहणार?"

"टॉबी बाकावर बसायलाच आलाय. तुला बसवलं तर तू बाक फोडशील."

ड्यूगन हसला नाही. समोर मैदानात सिल्बेरी एकटाच, चेंडू नसताना, बेसवर पाय टेकवून वळायचा सराव करत होता. "म्हणजे तो पडला, तर मी."

"तो पडला तर तू," प्रुइट म्हणाला. त्या आठवड्यात हेच वाक्य तो वेगवेगळ्या नावांनी किती जणांशी बोलला होता. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी संघाचेच दोन भाग करून सराव सामना ठेवला होता. गुण मोजायचे नाहीत, निकालाचं काही नाही. ड्यूगन पहिल्या बेसवर पोचलेला होता. पुढच्या बॅटरने शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या गड्याकडे, सरळ सरपटता चेंडू मारला. असा चेंडू आला की पुढचं सगळं ठरलेलं असतं: शॉर्टस्टॉप तो दुसऱ्या बेसवर सिल्बेरीला देणार, तिथे ड्यूगन बाद, आणि सिल्बेरी वळून पहिल्या बेसवर फेकणार, तिथे दुसरा गडी बाद. धावणाऱ्याने निमूट बेसवर घसरायचं किंवा बाजूला व्हायचं. माणसावर घसरायला केव्हाच बंदी आली आहे, आणि आपल्याच माणसावर तर कुणी स्वप्नातही घसरत नाही.

सिल्बेरीने चेंडू घेतला, डावा पाय रोवला, हात मागे नेला. ड्यूगन बेसकडे आलाच नाही. तो बेसच्या अलीकडे हातभर बाजूला, पूर्ण वेगात, बुटाचे खिळे वर करून त्या रोवलेल्या पायावर आला.

आवाज डगआउटपर्यंत ऐकू आला. सुकी फांदी गुडघ्यावर धरून मोडावी तसा. सिल्बेरीची नडगी मोज्याच्या वरून नको त्या दिशेला वळली आणि मोजा बघता बघता लाल झाला. तो पडताना चेंडू त्याच्या हातातच होता. मग तो ओरडायला लागला, आपल्या मायबोलीत, जी तिथे दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

पेगेरो त्या दिवशी खेळतही नव्हता. तो डगआउटचा कठडा ओलांडून गेला तो थेट ड्यूगनवर. ड्यूगन गुडघ्यांवर उठत होता. पेगेरोने त्याची कॉलर धरून त्याला उभा केला आणि तोंडावर ठोसा मारला. दुसरा मारायच्या आत ड्यूगनने डोकं त्याच्या छातीत खुपसलं. दोघेही धुळीत. मग जो तो धावला. कुणी सोडवायला, कुणी मारायला, आणि कोण कशासाठी आलाय ते कुणालाच कळेना. कॅचरने आपला लोखंडी जाळीचा मुखवटा काढून ड्यूगनच्या पाठीत हाणला. ड्यूगनने मागे न बघता कोपर फिरवलं, ते कॅचरच्या नाकावर बसलं. प्रुइट मध्ये घुसला. कुणाचं तरी ढोपर त्याच्या तोंडावर आलं आणि खालचा ओठ त्याच्याच दातांनी आरपार फाटला.

"बाजूला व्हा!" तो रक्त थुंकत ओरडत होता. "अरे तो तिकडे पडलाय, त्याच्याकडे बघा!"

शेवटी मारामारी थांबली ती त्या ओरडण्याने नव्हे. सिल्बेरीचं ओरडणं एकाएकी बंद झालं म्हणून थांबली. तो शुद्ध हरपून पडला होता.

संध्याकाळी बोशारच्या खोलीत दोघेच होते. प्रुइटच्या ओठाला टाके. इस्पितळातून निरोप आला होता: दोन्ही हाडं मोडली आहेत, घोटा निखळला आहे, यंदाचं सोडाच.

"बोल," बोशार म्हणाला. "मागे कोण?"

"तुला माहीत आहे."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"ड्यूगन."

बोशारने कॉफीचा कप भिंतीवर फेकून मारला. "त्याने मुद्दाम केलं?"

"मला तसं दिसलं."

"दिसलं म्हणजे? कॅमेऱ्यात काही नाही. मधे पिचरचीच पाठ येते. वरचे साहेब म्हणतात, अपघात." तो खुर्चीत बसला, पुन्हा उठला. "मी सगळीकडे फोन केले. चांगला दुसरा बेस आज कुणी देत नाही. जो देतो तो बदल्यात पेगेरोला मागतो. टॉबीला रोज उभा केला तर एप्रिलमध्येच आपला बाजार उठेल. बरोबर?"

"बरोबर."

"मग त्या हरामखोराला ठेवायचा की हाकलायचा? माणूस म्हणून विचारत नाही तुला. तुझं काम म्हणून विचारतोय."

प्रुइटला ओठ ठणकत असल्याचं निमित्त करून गप्प बसता आलं असतं. "खेळ म्हणून विचारशील," तो म्हणाला, "तर ठेव."

मग तो ड्यूगनला शोधायला गेला. ड्यूगन न्हाणीघराच्या फरशीवर अंगावरच्या मळक्या कपड्यांनिशी बसला होता. एक डोळा सुजून मिटला होता.

"मुद्दाम केलंस?"

"माहीत नाही, कोच."

"असं कसं माहीत नाही?"

"मला त्याचा पाय दिसला. वळायला वेळ होता. मी वळलो नाही." त्याने सुजलेला डोळा मनगटाने पुसला. "वळायचं नाही असं ठरवलं का, ते माहीत नाही."

प्रुइटला आपणच काल काय बोललो ते आठवलं. तो तसाच बाहेर आला. ते वाक्य त्याने बोशारला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही.

ड्यूगन राहणार हे कळल्यावर संघाने आपला न्याय सुरू केला. त्याच्याशी कुणी बोलेना. तो जेवायला बसला की टेबल रिकामं व्हायचं. एका सकाळी त्याच्या सगळ्या बॅटी मुठीपाशी करवतून ठेवलेल्या सापडल्या. त्याने मुकाट्याने नव्या मागवल्या. एकदा कुणीतरी त्याच्या बुटात फुटक्या बाटलीच्या काचा भरून ठेवल्या. त्याने पाय घातला, काढला, मोज्यातून काच उपसली आणि रक्ताळल्या पायाने सरावाला गेला. आणि खेळत होता असा की बघत राहावं. डावीकडचे चेंडू, उजवीकडचे चेंडू, एकही सुटेना. प्रुइट ते बघायचा आणि मान फिरवायचा, कारण पारखण्यात आपली चूक झाली नव्हती हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

फक्त टॉबी लिंडक्विस्ट अधूनमधून त्याच्याशेजारी बसायचा. "मी काही तुझा मित्र नाही," टॉबीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "मला उभं राहवत नाही, आणि जागा फक्त तुझ्या बाजूला रिकामी असते."

मग सरावात पिचर पूर्ण जोराने फेकणार आणि आपल्याच संघाचे बॅटर समोर उभे राहणार, असा दिवस आला. पेगेरोची त्या दिवशी पाळी नव्हती. त्याने ती मागून घेतली. बोशारने दिली. ड्यूगनची पाळी आली तसे पलीकडच्या मैदानांवरचे खेळाडूही एकेक करून येऊन जाळीला रेलले. 

पेगेरोचा पहिला चेंडू ड्यूगनच्या बरगड्यांवर बसला. ओल्या गोणीवर दांडका पडावा तसा आवाज झाला. ड्यूगन एका गुडघ्यावर आला, तोंड उघडं, श्वासच येईना. मग श्वास आला. त्याने बॅट उचलली, परत होम प्लेटपाशी, बॅटरच्या जागेवर, येऊन उभा राहिला.

दुसरा मांडीवर. दुसऱ्यानंतर तो पडला नाही, नुसता हलला.

"गिल, थांबव हे," प्रुइट म्हणाला.

बोशार हाताची घडी घालून उभा होता. "एकदाचं होऊन जाऊ दे. आज नाही झालं तर हे अख्खा मोसम चालेल. डोक्यावर टाकायचा नाही, एवढं मी त्याला बजावलंय."

"म्हणजे तू परवानगी दिलीस?"

"मी काही दिलं नाही. मी इथे उभा आहे, बस."

तिसरा चेंडू. ड्यूगनने अखेरच्या क्षणी पाठ फिरवली, तो खांद्याच्या फऱ्याखाली लागला. या वेळी तो ओरडला. जाळीपाशी कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

प्रुइट आत शिरला. चालत जाऊन तो पेगेरो आणि ड्यूगनच्या मधोमध उभा राहिला. "पुरे झालं, आनेउरी. चेंडू दे इकडे."

पेगेरोच्या गालांवरून घाम वाहत होता की डोळ्यांतून पाणी, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. "कोच, बाजूला व्हा. तुमचं याच्यात काही नाही."

"कोच," मागून ड्यूगन म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "व्हा बाजूला. मला उरकून घेऊ दे. नाहीतर हे कधीच मला इथे राहू देणार नाहीत."

प्रुइटने बोशारकडे बघितलं, मग ड्यूगनकडे. त्या क्षणी त्याच्या मनात दया नव्हती, हे त्याला पुढे कितीतरी वेळा स्वतःशी कबूल करावं लागलं. त्याच्या मनात हिशेब होता. हे इथे मिटलं तर संघाला दुसरा बेस मिळतो. बरगड्या महिन्यात भरतात. पोरगं दणकट आहे.

तो बाजूला झाला.

चौथा चेंडू पेगेरोच्या घामेजल्या बोटांतून सुटला की त्याने तसाच फेकला, हे त्याचं त्यालाच ठाऊक. तो वर आला, थेट चेहऱ्याकडे. ड्यूगनने दोन्ही हात वर घेतले आणि चेंडू त्याच्या उजव्या मुठीवर, बॅटीच्या दांड्यावर घट्ट आवळलेल्या बोटांवर आदळला. बोटं दांडा आणि चेंडूमध्ये चिरडली. हातमोज्यातून रक्त टपकायला लागलं, आणि मधलं बोट उलटं, पालथ्या हाताकडे दुमडलेलं दिसत होतं.

ड्यूगनने आधी हाताकडे पाहिलं. मग डाव्या हातात बॅट घेऊन तो पेगेरोकडे धावला.

पेगेरो हललाच नाही. हात खाली सोडून उभा राहिला, जणू हेच व्हावं म्हणून थांबला होता. बॅट वर गेली. प्रुइट जवळ होता. त्याने मागून ड्यूगनच्या कमरेला मिठी घालून त्याला खाली पाडलं. पडता पडता बॅट फिरली आणि प्रुइटच्या गळ्याखालच्या हाडावर बसली. त्याला आपलं हाड मोडल्याचं कळलं, पण मिठी त्याने सोडली नाही. त्याच्याखाली ड्यूगन धुळीत तोंड खुपसून हमसत होता.

"झालं ना आता? झालं ना तुमचं?"

 बोशार दुसरीकडे बघत होता.

डॉक्टरांनी ड्यूगनच्या हातात तारा घातल्या आणि सांगितलं, बोटं वाकतील, पण मूठ पुरती मिटेल असं काही वाटत नाही. मोसम चार दिवसांवर आला होता. संध्याकाळी टॉबी लिंडक्विस्ट मैदानावर एकटाच गुडघ्यांना पट्ट्या बांधून उभा राहिला आणि मैदान झाडणाऱ्या माणसाला म्हणाला, "बाबा रे, चार चेंडू मार माझ्याकडे. हळू मार. मला आता नोकरी आहे."

तळ उठायच्या आदल्या दिवशी ड्यूगन प्रुइटच्या दारात उभा राहिला. "कोच, मला गाडी चालवता येत नाही. मला सिल्बेरीकडे न्याल?"

"माझा एक हात गळ्यात आहे."

"एक तुमचा आहे, एक माझा आहे," ड्यूगन म्हणाला, आणि तो विनोद करत नव्हता.

सिल्बेरी भाड्याच्या घरात कोचावर पडला होता. पायाला बाहेरून लोखंडी सळया ठोकलेल्या, कातडीतून आत गेलेल्या. त्याच्या बायकोने, शुरांडीने, दार उघडलं, ड्यूगनला बघितलं आणि दार लावायला लागली.

"येऊ दे त्याला," आतून सिल्बेरी म्हणाला.

ड्यूगन कोचापुढे जाऊन उभा राहिला. सिल्बेरीने त्याच्या प्लास्टरकडे पाहिलं. "जवळ ये. अजून."

ड्यूगन वाकला तसं सिल्बेरीने कोचाशेजारची कुबडी उचलली आणि असेल नसेल त्या ताकदीने त्याच्या तोंडावर हाणली. भुवई फाटली. शुरांडी किंचाळली. ड्यूगन मागे सरला नाही. सिल्बेरीने पुन्हा मारली, कानावर. तिसऱ्यांदा उचलली, पण पायात कळ गेली असावी. कुबडी त्याच्या हातातून गळून पडली आणि तो धापा टाकत उशीवर कोसळला.

"मुद्दाम केलंस?"

भुवईतलं रक्त ड्यूगनच्या हनुवटीवरून गालिच्यावर पडत होतं. "हो," तो म्हणाला.

प्रुइट दारापाशी उभा होता. त्याने हे पहिल्यांदाच ऐकलं.

"मी तुला शिकवत होतो रे," सिल्बेरी म्हणाला. "रोज उन्हात."

"हो."

"वरच्या साहेबांना सांगितलंस हे?"

"नाही."

"मग तिथे जाऊन सांग. मला कशाला सांगतोस? माझ्या पायाला तेव्हाच कळलं होतं." त्याने डोळे मिटले. "आणि आनेउरीलाही कुणीतरी सांगा, मी त्याला असलं काही करायला सांगितलं नव्हतं. माझ्या नावावर खपवू नका म्हणावं. आता जा."

परतताना ड्यूगनने वाटेत गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उतरून ओकला. प्रुइटही उतरला. पाण्याची बाटली त्याने दातात धरून एका हाताने उघडली आणि ड्यूगनला दिली.

"ते मी बोललो होतो," प्रुइट म्हणाला. "तो पडला तर तू. ते मीच बोललो होतो तुला."

ड्यूगनने चूळ भरून थुंकली. "तुम्ही बोललात, कोच. धावलो मी."

ड्यूगनने साहेबांना सांगितलं. त्याचा करार त्याच दिवशी संपला. प्रुइटनेही जाऊन चौथ्या चेंडूआधी आपण मध्ये उभे होतो आणि बाजूला झालो, बोशारसकट सगळे बघत होते, हे सांगितलं. साहेबांनी पेगेरोला जुलैपर्यंत घरी बसवलं. बोशारला समज मिळाली. प्रुइटला काहीच झालं नाही, आणि तेच त्याला टोचत राहिलं. बोशार त्यानंतर त्याच्याशी फक्त खेळाचं बोलायचा. मोसम संपताच प्रुइटने नोकरी सोडली.

मोसम व्हायचा तसाच झाला. टॉबी जूनपर्यंत कसाबसा टिकला, कधी कधी तर चांगलाही खेळला, मग त्याचे गुडघे पाण्याने फुगायला लागले, तरी दुसरं कुणी नव्हतं म्हणून तोच उभा राहायचा.

मोसम चालू असतानाच, ऑगस्टात एका दुपारी सिल्बेरी काठी टेकत डगआउटमध्ये आला. सगळ्यांनी उठून त्याला मिठ्या मारल्या. पेगेरो दूर कोपऱ्यात उभा राहिला. सिल्बेरीने त्याच्याकडे मान हलवली, पण जवळ बोलावलं नाही. तो येऊन प्रुइटशेजारी बसला.

"त्याचा फोन येतो," तो म्हणाला. "नेब्रास्कातून. गुरांकडे लागलाय म्हणे."

"काय म्हणतो?"

"मी उचलत नाही." सिल्बेरीने काठी दोन गुडघ्यांमध्ये धरली. "बायको म्हणते नंबर बंद कर. तेही होत नाही माझ्याने."

मैदानात टॉबीकडे एक साधा चेंडू गेला. तो वाकला, चेंडू त्याच्या हातमोज्याखालून निसटून मागे गेला, आणि लोकांनी हुर्यो उडवली.

"पाय! आधी पाय हलव, म्हाताऱ्या!" सिल्बेरी उभा राहून ओरडला, आणि कळ गेली तसा कठडा धरून तिथेच थांबला.